इंग्रजी प्रावीण्य परीक्षेचा सराव आणि मराठी माध्यमातील विद्यार्थी : व्याकरण, शब्दसंग्रह व वाचन यांचा विचार

बीजशब्द : प्रावीण्य परीक्षा, मातृभाषेचा प्रभाव, शब्दकुले, रिक्तपूर्ती, वाचन-आकलन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी पाचवीपासून शिकविला जात असे. सन २००० पासून तो पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. म्हणजे आज महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे हा विषय अभ्यासलेला असतो. असे असूनही विज्ञान वा वाणिज्य शाखेचे क्रमिक पुस्तक हाती आले की पहिल्याच पानावर तो अडखळतो. दहावी-बारावीला इंग्रजीत चांगले गुण मिळविलेला विद्यार्थीही याला अपवाद नसतो. पुढे पदवीच्या काळात, परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीच्या निवडप्रक्रियेत त्याला प्रावीण्य परीक्षेस सामोरे जावे लागते आणि तेथे मार्गदर्शिकेतील तयार उत्तरे उपयोगी पडत नाहीत. कारण या परीक्षेला नेमलेले पुस्तक नसते. अनोळखी उतारा, अनोळखी वाक्य आणि चार पर्याय एवढेच समोर असते.

अशा वेळी सराव म्हणजे सरावसंच सोडविणे असा अर्थ सर्रास घेतला जातो. शंभर प्रश्न सोडवावयाचे, उत्तरसूची पाहावयाची, गुण मोजावयाचे आणि दुसरा संच उघडावयाचा. हा ज्वर उतरावा म्हणून दर तासाला तापमापक लावण्याचा प्रकार होय. संच भाषेचे मापन करतो, भाषा घडवीत नाही. व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन हे प्रश्नपत्रिकेचे तीन विभाग असले तरी भाषेचे ते तीन स्वतंत्र कप्पे नव्हेत. मराठी भाषक विद्यार्थ्याचा सराव फलदायी व्हावयाचा असेल, तर मराठीची वाक्यरचना त्याला नेमकी कोठे चकविते हे आधी पाहावे लागेल. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने याच अंगाचा विचार केला आहे.

परीक्षेचे बदलते स्वरूप

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली, ती मुख्यतः परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. परीक्षा एकूण बारा तासांची होती. भाषांतर, निबंध, इंग्रजी साहित्य, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन आणि संभाषण असा तिचा विस्तार होता. व्याकरणाचे प्रश्न भाषांतराच्याच प्रश्नपत्रिकेत असत. शब्दसंग्रहाची वेगळी परीक्षा नव्हती.

तीन विभागांची बहुपर्यायी मांडणी रूढ होण्यात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. तेथे १९४१ मध्ये चार्ल्स फ्राइज यांच्या नेतृत्वाखाली इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १९५३ पासून प्रावीण्य प्रमाणपत्राची परीक्षा घेतली जाऊ लागली. फ्राइज यांचे सहकारी रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मातृभाषा आणि शिकावयाची भाषा यांच्या रचना जेथे भिन्न असतात तेथेच शिकणाऱ्याच्या अडचणी शोधाव्यात. पुढे १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी या विचाराला मुरड घातली. चूक हा केवळ मातृभाषेचा अडथळा नसून शिकणाऱ्याच्या मनात घडत असलेल्या भाषाव्यवस्थेचा तो पुरावा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही मतांना मराठी विद्यार्थ्याच्या वहीत आधार सापडतो.

रिक्तपूर्तीच्या प्रश्नाचा, म्हणजे उताऱ्यातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळून ते भरावयास सांगण्याचा, इतिहास मौजेचा आहे. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ही पद्धत मांडली ती मजकूर वाचावयास किती सोपा वा अवघड आहे हे मोजण्यासाठी. मजकुराची परीक्षा घेणारे हे साधन पुढे वाचकाचीच परीक्षा घेऊ लागले.

व्याकरण : मराठी रचनेचा पगडा

दोन भाषा शेजारी ठेवून शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी शिकली. आजच्या सरावपुस्तकांतून ही तुलना जवळजवळ हद्दपार झाली आहे, आणि त्यात विद्यार्थ्याचे नुकसान झाले आहे असे म्हणावे लागते.

सर्वांत चिवट अडचण ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ या उपपदांची. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती पाठांतरानेच शिकावीत, असे सांगितले जाते. परंतु निश्चित आणि अनिश्चित हा भेद मराठीला अपरिचित नाही. ‘शेतकरी बैल शोधतो आहे’ आणि ‘शेतकरी बैलाला शोधतो आहे’ ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्या वाक्यातील शेतकरी बाजारात बैल विकत घ्यावयास आलेला असू शकतो. दुसऱ्या वाक्यातील शेतकऱ्याचा ठरावीक बैल दावे तोडून गेलेला आहे. मराठीने जे काम ‘ला’ या प्रत्ययाकडे दिले, ते इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘अ बुलक’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘द बुलक’ असे उपपद करते. मुलांना हे उदाहरण दिले की उपपदामागचा प्रश्न त्यांच्या लक्षात येतो : ऐकणाऱ्याला ही वस्तू कोणती ते ठाऊक आहे काय? अर्थात ही तुलना फार ताणता येत नाही. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठीत हा प्रत्यय सहसा येत नाही, आणि ‘माणूस मर्त्य आहे’ यासारख्या सामान्य विधानांसाठी इंग्रजीचे संकेत वेगळे आहेत. तरीही पाठ केलेल्या वीस नियमांपेक्षा या एका प्रश्नाने अधिक रिकाम्या जागा अचूक भरल्या जातात.

दुसरे स्थळ कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचे. परीक्षकाचा हा आवडता प्रश्न असतो. ‘या बागेतील आंब्यांची प्रत उत्तम आहे’ या वाक्यात ‘प्रत’ हा मुख्य शब्द आपल्या विशेषणांच्या शेवटी, म्हणजे क्रियापदाच्या बाजूस येतो. त्यामुळे मराठी वाचकाला कर्ता शोधावा लागत नाही. इंग्रजीत क्रम उलटतो : ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज’. मुख्य शब्द आधी येतो आणि क्रियापदाला खेटून अनेकवचनी ‘मँगोज’ बसतो. विद्यार्थी सवयीने त्याच्याशी मेळ घालतो आणि ‘इज’ऐवजी ‘आर’ निवडतो. त्यातच मराठीत ‘मुलीने आंबे खाल्ले’ अशा वाक्यांत क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. जवळच्या नामाशी मेळ घालणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या भाषेने त्याला काय शिकविले आहे हे ध्यानात घ्यावयास हवे. येथील सराव म्हणजे पर्यायांकडे पाहण्यापूर्वी कर्त्याच्या मुख्य शब्दाखाली रेघ ओढणे, एवढाच. पंधरा दिवस हे नेमाने केले तर रेघ न ओढताही नजर तेथे जाऊ लागते.

काळांच्या बाबतीत ‘मी हा चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत ‘हॅव सीन’ या रूपाबरोबर ‘लास्ट इयर’ चालत नाही, कारण ते रूप गतकाळाचा वर्तमानाशी संबंध दाखविते आणि संपलेल्या काळाचा उल्लेख आला की तो संबंध तुटतो. तेथे ‘सॉ’ हेच हवे. याउलट ‘मी येथे दहा वर्षांपासून राहतो’ या वाक्यात मराठी वर्तमानकाळ वापरते आणि इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. शिवाय ‘पासून’ या एकाच शब्दाने मराठी दोन कामे करते. आरंभबिंदू सांगावयाचा असेल तर इंग्रजीत ‘सिन्स’, कालावधी सांगावयाचा असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स टेन इयर्स’ ही चूक एवढी सार्वत्रिक आहे की शिक्षकांच्या तोंडूनही ती ऐकू येते.

अप्रत्यक्ष प्रश्न आणि अप्रत्यक्ष कथन येथे मराठीची सरलता विद्यार्थ्याला महाग पडते. ‘तो कोठे राहतो?’ आणि ‘तो कोठे राहतो ते मला ठाऊक नाही’ या दोन्हींत शब्दक्रम तोच राहतो. इंग्रजीत मोठ्या कष्टाने विद्यार्थ्याने शिकलेले असते की, प्रश्नात साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी येते. ते मग तो सर्वत्र लावतो आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ असे लिहितो. तसेच ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या मराठी वाक्यातील ‘मी’ म्हणजे सहसा ‘तो’च असतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट’ असे म्हटल्यावर ‘आय’ लिहिले तर बोलणारा माणूसच बदलतो. उताऱ्यावरील प्रश्नांत ‘हा कोणाचे मत सांगतो आहे’ असे विचारले जाते तेव्हा या गोंधळाची किंमत व्याकरणाबाहेरही मोजावी लागते.

शब्दयोगी अव्ययांच्या चुका मात्र तुलनेने सरळ आहेत. ‘विषयावर चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस ऑन’, ‘पुण्याला पोहोचणे’ यावरून ‘रीच टू’, ‘तिच्याशी लग्न करणे’ यावरून ‘मॅरी विथ’. या तिन्ही क्रियापदांना इंग्रजीत थेट कर्म लागते. त्यांची यादी करून ती पाठ केली तरी चालेल.

प्रत्येक चुकीचे खापर मराठीवर फोडणेही योग्य नाही. ‘ही गोज’ मधील शेवटचा ‘स’ विद्यार्थी वर्षानुवर्षे विसरतात. मराठीत तर ‘जातो, जातोस, जाते, जातात’ अशी क्रियापदाची रूपे पुरुषानुसार बदलतात, म्हणजे मराठी मुलाला हे तत्त्व सहज उमगावयास हवे. तरीही ‘स’ गळतो, आणि इतर भाषा बोलणाऱ्यांकडूनही तो असाच गळतो. येथे कॉर्डर यांचे म्हणणे अधिक पटते.

शब्दसंग्रह : यादी आणि तिच्या मर्यादा

ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील मुलांच्या इंग्रजी वाचनावर विस्तृत अहवाल लिहिला. मुलांना बोलण्याआधी वाचता आले पाहिजे आणि त्यासाठी वाचनाच्या पुस्तकांतील शब्द मोजून-मापून आले पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार शब्दांची यादी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. २००० साली न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय ग्रंथांच्या आधारे ५७० शब्दकुलांची दुसरी यादी केली. शैक्षणिक मजकुरातील साधारण दहा टक्के शब्द या ५७० कुलांतले असतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रथम या दोन याद्यांतील शब्द आत्मसात करावेत. दुर्मीळ शब्दांच्या जाडजूड पुस्तकांवर त्याआधी वेळ घालविणे व्यर्थ होय.

यादीतील शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहून तो घोकणे ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण परीक्षेत शब्द सोबतीने विचारला जातो. मराठीत ‘करणे’ हे एक क्रियापद चूक, गृहपाठ, प्रयत्न सगळ्यांना पुरते. इंग्रजीत चूक ‘मेक’ होते आणि गृहपाठ ‘डू’ होतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ‘घेतो’. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. म्हणून वहीत सुटा शब्द न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचीही दक्षता घ्यावी लागते. मराठीतील ‘हॉटेल’ हे चहा-मिसळीचेही असते, ‘डाऊट’ म्हणजे शिक्षकांना विचारावयाची शंका आणि ‘क्लास’ म्हणजे शिकवणी. उताऱ्यात हे शब्द भेटले की विद्यार्थी ओळखीच्या चेहऱ्याला हसून पुढे जातो, आणि तेथेच फसतो.

शब्दघटनेच्या बाबतीत मराठी माध्यमाच्या मुलाकडे एक भांडवल आहे, ते सहसा वापरले जात नाही. ‘या’ म्हणजे जाणे या संस्कृत धातूला उपसर्ग लागून ‘आयात’, ‘निर्यात’ असे शब्द झाले, हे तो शाळेत शिकलेला असतो. इंग्रजीत लॅटिनमधील ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या धातूवरून ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्स्पोर्ट’ झाले. यंत्रणा तीच आहे. मराठीची भारदस्त परिभाषा जशी संस्कृतवर उभी आहे, तशी इंग्रजीची लॅटिन-ग्रीकवर. मात्र धातूवरून अर्थ बांधताना ‘सपोर्ट’ आणि ‘रिपोर्ट’ लगेच दगा देतात. तेथे संदर्भच पाहावा लागतो.

वाचन

उतारा समजण्यास किती शब्द ठाऊक असावे लागतात, या प्रश्नावर बरेच संशोधन झाले आहे. पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासानुसार कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट कळावयाचा असेल, तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. नेशन यांच्या २००६ च्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण छापील मजकुरासाठी ही पातळी आठ ते नऊ हजार शब्दकुलांच्या ज्ञानाने गाठता येते. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के म्हणजे सहा शब्द अनोळखी. ९५ टक्के म्हणजे पंधरा. ९० टक्के म्हणजे तीस. सहा अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने लावता येतो. तीस अनोळखी शब्द असले की संदर्भच उरत नाही. ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ हा उपदेश दुर्बल विद्यार्थ्याला का लागू पडत नाही, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. अशा विद्यार्थ्याला अवघड उतारे देऊन सराव घडत नाही, केवळ धीर खचतो. त्याने सोपे आणि पुष्कळ वाचले पाहिजे.

सोपे म्हणजे बालिश नव्हे. सकाळी मराठी वृत्तपत्रात वाचलेली बातमी त्याच दिवशी इंग्रजी वृत्तपत्रात वाचली तर आशय आधीच ठाऊक असतो आणि लक्ष भाषेकडे देता येते. शाळेत ‘प्रकाशसंश्लेषण’ मराठीतून शिकलेल्या मुलाला तोच पाठ इंग्रजी पुस्तकात वाचताना विज्ञान नव्याने शिकावे लागत नाही, फक्त शब्द आणि रचना नव्या असतात. या दृष्टीने आठवी ते दहावीची इंग्रजी माध्यमाची विज्ञान आणि भूगोलाची पाठ्यपुस्तके हे प्रावीण्य परीक्षेचे उत्तम साहित्य ठरते. पदवीच्या विद्यार्थ्याला ती हातात घेण्याचा संकोच वाटतो, हीच काय ती अडचण.

वाक्य वाचताना मराठी डोळा क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबतो. ‘शेतकऱ्यांनी लिहिलेली पत्रे’ यातील ‘लिहिलेली’ हे विशेषण नामाआधी येते. इंग्रजीत ‘लेटर्स रिटन बाय फार्मर्स’ असे ते मागून येते आणि विद्यार्थी ‘रिटन’लाच मुख्य क्रियापद समजतो. खरे क्रियापद पुढे आले की वाक्याचा धागा सुटतो. आकलनाची ही चूक मुळात व्याकरणाची आहे. ती वाचनाच्या खात्यावर मांडली जाते एवढेच.

पर्यायांतील सापळेही ओळखीचे असतात. एक पर्याय उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे उचलतो, पण अर्थ बदलतो. दुसरा व्यवहारात खरा असतो, पण उताऱ्यात सांगितलेला नसतो. तिसरा ‘सर्व’, ‘कधीच नाही’ अशा शब्दांनी लेखकाच्या विधानापलीकडे जातो. उताऱ्यात प्रश्नातले शब्द हुडकून त्यापुढील ओळ उतरविण्याची शालेय सवय पहिल्या सापळ्याकडे थेट घेऊन जाते.

सरावाचे नियोजन

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखविले की पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एकाच बैठकीपेक्षा अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र, वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठविण्याचा यत्न करणारे पुढे गेले. यावरून वहीतील शब्द वाचत बसण्यापेक्षा मराठी बाजू उघडी ठेवून इंग्रजी बाजू झाकणे आणि आठवून लिहिणे हितकर, हे उघड आहे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि मग आठवड्याने, अशी उजळणी असावी.

सरावसंचाचे स्थान शेवटी, परीक्षेस तीन-चार आठवडे उरले असताना. तेव्हाही एक तास संच सोडविला तर दोन तास त्यातील चुकांवर द्यावेत. प्रत्येक चुकलेल्या वाक्यासमोर त्याचे मराठी रूप लिहावे आणि मराठीने येथे ओढले काय, हे ठरवावे. ओढले असल्यास ‘म’, शब्द अपरिचित असल्यास ‘श’, उतारा घाईने वाचल्यामुळे चुकले असल्यास ‘घ’ अशी खूण पुरते. तीन आठवड्यांच्या अखेरीस कोणत्या खुणा अधिक आहेत ते मोजले की उरलेल्या दिवसांत काय करावयाचे, हे शिक्षकांना न विचारताही कळते. ‘म’ अधिक असल्यास वर सांगितलेली वाक्यरचनेची स्थळे. ‘श’ अधिक असल्यास नवे संच बंद करून सोपे वाचन. ‘घ’ अधिक असल्यास घड्याळ बाजूस ठेवून थोडे उतारे.

शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात एवढ्या वह्या तपासणे एका अध्यापकास शक्य नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु या खुणा दुसरा विद्यार्थीही पडताळू शकतो. आठवड्यातून एका तासिकेला जोडीने वह्या बदलाव्यात आणि जोडीदाराने लावलेली खूण न पटल्यास तेवढेच वाक्य फळ्यावर आणावे. सहसा अशी पाच-सहाच वाक्ये निघतात. त्यांवरची चर्चा मराठीतून झाली तरी बिघडत नाही.